कोरडवाहू जिल्ह्यातली बुरशी

‘जालन्यात कसलं आलंय फंगस? ते कोकणातल्या लोकांचं दुखणं. आपल्याकडं माणसाला प्यायला पाणी नाही, लेन्सला ओल कुठून लागणार?’

आमच्या धंद्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने हे चारचौघांत सांगितलं आणि समोर बसलेल्या पोरांनी माना डोलावल्या. सांगणाऱ्याबद्दल मला आदर आहे. रोल भरायच्या काळापासून त्यांनी लग्नं काढली, मंडपातला प्रकाश कसा वाचायचा हे आम्ही त्यांच्याच मागे स्टँड धरून शिकलो. पण हे म्हणणं चुकीचं आहे, आणि त्याने लोकांचं नुकसान होतं. माना डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कॅमेरे अजून हप्त्यावर आहेत. कुणाच्या बापाने कापूस विकून पोराला बॉडी घेऊन दिली आहे, कुणाच्या आईने गंठण मोडून लेन्स. म्हणून हे उत्तर.

त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते पुष्कळांचं म्हणणं आहे. आपली हवा कोरडी, तेव्हा ओलीची भीती नाही. सामान लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलं की चोरापासून आणि घरातल्या लहानग्यांपासून वाचलं, तेवढं पुरे. आणि हवाबंद डबे, आर्द्रता मोजायची यंत्रं, ड्राय कॅबिनेट हे पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचे चोचले. पोटासाठी कॅमेरा धरणाऱ्याने त्यात पडू नये.

पावसाचा आकडा बघून हवेबद्दल बोलणं ही पहिली गफलत. जालना जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, कोकणात त्याच्या कितीतरी पट. हे खरंच आहे. २०१२-१३ चा दुष्काळ आपण काढला, टँकरची वाट बघत रात्री जागलो, त्यामुळे ‘आपला जिल्हा कोरडा’ हे आपल्या हाडात मुरलं आहे. पण पाऊस म्हणजे जमिनीवर पडलेलं पाणी आणि दमटपणा म्हणजे हवेत राहिलेलं पाणी. ऑगस्टमध्ये दहा-दहा दिवस नुसतं आभाळ भरून राहतं, पीक तहानलेलं असतं, आणि तरी सकाळची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. सोयाबीनला न पुरणारी ती झिमझिम भिंतीला पुरते, गादीला पुरते, मिठाच्या बरणीला पुरते. मीठ पाझरलेलं सगळ्यांना दिसतं. लेन्सच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, अंबडला असतात तसे अलिबागला. हवा ६०-६५ टक्क्यांच्या वर सलग राहिली, जागा अंधारी असली आणि वारा खेळता नसला की ते रुजतात. खायलाही त्यांना फार लागत नाही. काचेवरचा बोटाचा तेलकट ठसा, धुळीचा कण, भिंगं चिकटवायला वापरलेला डिंक, एवढ्यावर त्यांचं भागतं. रुजल्यावर बुरशी आम्ल सोडते. ते आधी काचेवरचा लेप खातं आणि मग काचेला चरे पाडतं. या सगळ्याला वर्षाची सरासरी लागत नाही, सलग काही आठवडे मिळाले की झालं.

ते आठवडे आपण तिला दरवर्षी देतो. आपल्या धंद्याचं पंचांग बघा. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढात उरकते. देवशयनी एकादशीपासून चातुर्मास, तिथी नाही, मंडप नाही. गणपती-नवरात्रातली कामं असतात, पण ती एका बॉडीवर आणि एका झूम लेन्सवर निघतात. बाकीचं सगळं सामान, पोर्ट्रेटची लेन्स, मॅक्रो, दुसरी बॉडी, फ्लॅश, ट्रिगर, ड्रोन, कपाटात जातं आणि चार महिने कोणी त्याला हात लावत नाही. म्हणजे वर्षातले सगळ्यात दमट चार महिने आणि कॅमेरा निजून राहण्याचे चार महिने आपल्याकडे एकच आहेत. मुंबईतला फोटोग्राफर जाहिरातींची, कंपन्यांची कामं करत पावसाळाभर लेन्स फिरवत असतो, त्याच्या सामानाला वारा लागतो. म्हणून ‘कोकणापेक्षा आपण सुरक्षित’ हे मला मान्य नाही. आपला धोका कमी दिवसांचा आहे, पण त्या दिवसांत आपण पाठ फिरवून बसलेलो असतो.

माझंच सांगतो. ८५ मिलिमीटरची लेन्स होती, नवरीचे चेहरे मी तिच्यानेच काढायचो. शेवटचं लग्न झालं तशी पुसली, दोन्ही झाकणं लावली, तिच्या मऊ पिशवीत घातली, पिशवी बॅगेत आणि बॅग लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. माझ्या मते मी तिला जपलं होतं. तुळशीचं लग्न झाल्यावर काढली. समोरून बघितली तर काच आरशासारखी. पहिल्याच लग्नात मात्र नवरीच्या मागे दिव्यांच्या माळा आल्या की चित्रावर धुरकट पापुद्रा यायचा. वाटलं हॉलमधलं धूप-अगरबत्तीचं असेल. घरी येऊन मागच्या बाजूने टॉर्च मारला. आतल्या भिंगाच्या कडेला एक पांढुरका ठिपका, आणि त्यातून मध्याकडे निघालेले तंतू, केसाहून बारीक, फांद्या फुटत गेलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून पुसली, तंतू गेले. पण जिथे ते बसले होते तिथे लेपावर त्यांचा नकाशा उरला आहे. दिवा समोर आला की तो आजही चित्रात उतरतो.

यात कपाटाचा दोष काय ते बघू. गोदरेजच्या धर्तीचं लोखंडी कपाट आपण तिजोरी समजतो. चोरासाठी ते ठीक आहे. हवेसाठी नाही, त्याच्या दारांच्या फटीतून पावसाळी हवा आरामात आत जाते आणि आत गेल्यावर हलत नाही. त्यातून ते बाहेरच्या भिंतीला टेकवून उभं केलेलं असलं तर भिंतीची ओल पत्र्याला थंड करते आणि खालच्या खणात सगळ्यात जास्त दमटपणा साचतो. नेमकं तिथेच आपण जड बॅग ठेवतो. बॅगेचं तर विचारूच नका. तिच्यातला फोम ओल शोषून धरतो आणि दिवसेंदिवस सोडत नाही. हळदीच्या दिवशी पावसाच्या सरीत भिजलेली बॅग वरून वाळलेली दिसते, आतून आठवडाभर दमट असते. बॅग सामान न्यायला असते, ठेवायला नसते. जुन्या चामडी केसचंही तेच. घरात आजोबांचा याशिका असेल तर तो केसमधून बाहेर काढून ठेवा. चामडं हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे.

‘बरं, पावसाळा जाऊ द्या, आठ महिने तरी कोरडे ना?’ असा पुढचा प्रश्न येतो. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, ओठ फुटतात, हे आपण सगळे भोगतो. पण घरात कूलर चालू असतो. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांवरून पाणी सोडायचं आणि त्यातून हवा ओढायची, कूलरची सगळी करामत हवेत पाणी मिसळण्याचीच आहे. खिडक्या लावून रात्रभर कूलर चालवलेल्या खोलीत सकाळी ताटातला पापड वाकतो. त्याच खोलीत, बहुतेक घरांत कूलरच्या झोतासमोरच, सामानाचं कपाट असतं. म्हणजे बाहेर रखरखाट आणि कॅमेऱ्याच्या अंगाला ओलावा. कूलर बंद करा असं मी म्हणत नाही, ४२ अंशांत ते शक्य नाही. कपाट दुसऱ्या खोलीत न्या एवढंच म्हणतो.

यावर जे घरगुती उपाय सांगितले जातात तेही एकदा तपासायला हवेत. पहिला, डब्यात तांदूळ टाका. तांदूळ ओल घेतो, पण इतकी थोडी आणि इतकी सावकाश की कॅमेऱ्याच्या उपयोगाची नाही, आणि त्याची भुकटी झूमच्या रिंगमध्ये शिरते. दुसरा, डांबराच्या गोळ्या. गोळी उडून जाते म्हणजे तिची वाफ होते आणि ती वाफ थंड काचेवर पुन्हा जमते, काही प्लास्टिकही तिने खराब होतं. लोकरीच्या स्वेटरमधल्या किड्यासाठी केलेला उपाय भिंगासाठी कसा चालेल? तिसरा, लेन्सला ऊन दाखवा. यात थोडं तथ्य आहे, अतिनील किरणांनी बुरशीची वाढ थांबते. पण आम्लाने खाल्लेला लेप उन्हाने परत येत नाही, आणि झाकण न लावता कॅमेऱ्यासकट उन्हात ठेवलेली लेन्स भिंगाचं काम चोख करते, आतला शटरचा पडदा जाळते.

मग करायचं काय? याचं उत्तर पुण्या-मुंबईहून आणायची गरज नाही, ते आपल्या घरात आहे. माझी आई चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, शेवया करते. कडकडीत वाळल्याशिवाय एकही कुरडई डब्यात जात नाही. डबा आधी उन्हात तापवून थंड केलेला असतो. झाकण घट्ट. आणि भर श्रावणात डबा उघडायचा तर हात पुसून, हवं तेवढं काढून, लगेच बंद. ओल्या हाताने डब्याला शिवलेलं तिला अजिबात खपत नाही. दिवाळीपर्यंत तिची कुरडई तळणीत फुलते. सामान ठेवण्याचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं: आधी वाळव, मग कोंड, कमी उघड, कोरड्या हाताने उघड. ज्या घरात कुरडई चार महिने टिकते, त्याच घरात पन्नास हजारांची लेन्स खराब होते. कुरडईला डबा मिळतो आणि लेन्सला फोमची बॅग.

घराबाहेर बघायचं तर हा जिल्हा बियाण्यांचा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्या मागे इथे बियाण्यांचा मोठा धंदा उभा राहिला. त्या गोदामांत काम केलेला कोणीही सांगेल की बियाणं तयार करणं ही अर्धी लढाई, उरलेली अर्धी ते ठेवण्याची. ज्वारीचं बियाणं साध्या पोत्यात ठेवायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, हवाबंद पाकिटात ८ च्या आत. बीजशास्त्रात हॅरिंग्टनचा एक ठोकताळा आहे: गोदामाचं फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचे टक्के यांची बेरीज शंभराच्या आत ठेवा. आपल्या ऑगस्टमधल्या सकाळची बेरीज करा. ७५ आणि ८५, एकशे साठ. कॅमेरा म्हणजे बी नव्हे, त्याला शंभराची अट लागू नाही, पण साठवणुकीत हवेला मोजावं लागतं हे या गावाला कोणी नव्याने शिकवायला नको. एमआयडीसीतल्या गोदामात आर्द्रता मोजणारा माणूस संध्याकाळी घरी येतो, पोराचा कॅमेरा माळ्यावर टाकतो आणि म्हणतो, आपली हवा कोरडी आहे. याचं मला खरोखर दुःख होतं.

चोचल्यांचा हिशेबही मांडतो. रबरी कड असलेला, कड्या लावून घट्ट बसणारा पंचवीस लिटरचा प्लास्टिकचा डबा भांड्यांच्या दुकानात मिळतो. आर्द्रता दाखवणारं काडेपेटीएवढं यंत्र तीन-चारशे रुपयांत येतं. सिलिका जेल किलोवर मिळतं, एवढ्या डब्याला अर्धा किलो भरपूर झालं. नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. सगळं मिळून दीड-दोन हजार रुपये, एका लेन्सच्या सफाईइतके. जेल सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून डब्याच्या तळाशी ठेवायचं, यंत्र वर, बाहेरून वाचता येईल असं. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि ग्रीस सुकतं. दाण्यांचा नारिंगी रंग जाऊन ते हिरवट काळपट झाले की त्यांनी पाणी पिऊन घेतलं असं समजायचं. मग जुन्या कढईत (ती पुन्हा स्वयंपाकाला घ्यायची नाही) मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, रवा भाजतात तसे हलवत राहायचं. सुरुवातीला कढईच्या कडेला वाफेचा दव धरतो, मग हळूहळू एकेक दाणा पुन्हा नारिंगी होत जातो. आच वाढवायची नाही, दाणे तडकतात. थंड झाले की पुन्हा पुरचुंडीत. श्रावण-भाद्रपदात महिन्यातून एकदा हे केलं तरी निभतं. ज्यांना जमेल त्यांनी खुशाल विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्यावं, पण ते नाही म्हणून काहीच करायचं नाही, ही सबब आता चालायची नाही.

डब्यात काय ठेवायचं आणि काय नाही, यालाही अर्थ आहे. भिंगं आणि बॉडी आत. पट्टे, चामडं, कापड, पुठ्ठ्याची मूळ खोकी बाहेर, कारण ती ओल आत घेऊन येतात. फ्लॅश आणि ट्रिगरमधले सेल काढून ठेवा. परतूरच्या एका लग्नात हळदीच्या सकाळी माझा ट्रिगर पेटेना. उघडला तर चातुर्मासभर आत राहिलेले सेल फुटून पांढरी भुकटी पत्तीवर चढली होती. पत्ती खरवडून, पुसून दुसरे सेल घालेपर्यंत आजीने नवरीला पहिली हळद लावून झाली होती. ती आजी पुढच्या वर्षी राहिली नाही. त्या घरात त्या क्षणाचा फोटो नाही आणि त्याला मी जबाबदार आहे. नीट ठेवणं हा फोटोग्राफीच्या बाहेरचा, घरातल्या बायकांनी उरकायचा भाग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हा प्रसंग सांगतो.

उष्णतेबद्दल एवढंच की स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टी होते. तिथे लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात. लिथियमच्या बॅटऱ्या शंभर टक्के भरून अशा जागी ठेवल्या की लवकर म्हाताऱ्या होतात, ड्रोनच्या तर फुगतात, आणि फुगलेली बॅटरी घरात असणं धोक्याचं आहे. अर्ध्याच्या आसपास भरलेल्या, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, लोखंडी वस्तूंपासून वेगळ्या, अशाच त्या ठेवाव्यात.

शेवटचा युक्तिवाद नव्या पोरांचा असतो आणि तो मला जास्त खुपतो. ‘तीन वर्षांत नवं मॉडेल येतं, जुनं कशाला जपायचं?’ बॉडी बदलते, हे खरं. चांगली लेन्स वीस-वीस वर्षं काम देते. आणि विकायची वेळ आली तरी घेणारा आधी टॉर्च मारतो, जाळं दिसलं की निम्म्याहून कमी भाव सांगतो. शिवाय जपायचं ते फक्त यंत्रच असतं का? आपण ज्या निजामी मुलखातले, त्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. वेरूळ, दौलताबादपासून हैदराबादच्या दरबारापर्यंतचा तो काळ त्यांनी काचेच्या पट्ट्यांवर उतरवला होता. त्यांच्या स्टुडिओच्या २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या वारसांकडून विकत घेतल्या. मधली चौऱ्याऐंशी वर्षं त्या कुणीतरी ठेवल्या, म्हणून आज आहेत. उलट्या बाजूला चित्रकार रॉबर्ट गिल. १८४० च्या दशकात तो भोकरदनच्या पलीकडे अजिंठ्याला आला आणि लेण्यांतली चित्रं वर्षानुवर्षं कॅनव्हासवर उतरवत राहिला. ते कॅनव्हास लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र टांगलेले होते, डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळे त्यात गेले. जिल्ह्यातल्या किती फोटोग्राफरांची दहा-दहा वर्षांची लग्नं आज एकाच हार्डडिस्कवर, त्याच कपाटात, त्याच बॅगेच्या खाली आहेत? दुसरी प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा, बहिणीकडे, सासुरवाडीला, कुठेही.

तेव्हा त्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, आपण सगळे जमून कॅमेरा पूजन करतो. टेबलावर पांढरं कापड, त्यावर ओळीने कॅमेरे, हार, हळद-कुंकू. दमट हवेचा तो ऐन भर असतो. पूजा जरूर करू. फक्त या वर्षी हळद-कुंकवाची वाटी पुढे येण्याआधी प्रत्येकाने आपली सगळ्यात कमी वापरलेली लेन्स घेऊन यावी, दोन्ही झाकणं काढावीत, आणि हॉलमधले दिवे पाच मिनिटं मालवून मागून उजेड टाकून बघावं. पहिली लेन्स तुमची घेऊ. टॉर्च मी घेऊन येतो.